मायच्या आंबिलीचा पहिला मान

माझ्या मायनं केलेली आंबील तीन वर्षं मातीनं प्यायली. माणसानं एक घोट घेतला नाही. पहिल्या वर्षी मी पंधरा वर्षांची होते आणि तिथंच उभी होते, म्हणून सांगते.

डिंडोलीच्या पुढं एका पटेलाचं तुरीचं वावर होतं. सुरतेत राहणाऱ्या आमच्या गावच्या लोकांच्या मंडळानं त्या वावरात येळवस करायची ठरवली. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमचं गाव कर्नाटकातलं, सीमेवरचं. तिकडं शेतकऱ्याचा याच्याएवढा मोठा सण नाही. थंडीत पिकं उभी असताना अख्खं गाव घराला कुलूप लावून शेतात जेवायला जातं. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करतात, कोपीत चुना लावलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. ज्वारीच्या पिठाची आणि ताकाची आंबील मातीच्या बिंदग्यात भरून नेतात. त्यातली थोडी पिकाला शिंपतात आणि बाकीची माणसं पितात, पोट फुटेस्तोवर पितात.

तर कोपीपुढं सात-आठ बिंदगी मांडली होती. मंडळ ज्यांच्या शब्दावर चालायचं त्या तात्यांनी मायच्या बिंदग्याकडं बोट दाखवलं. हात लावला नाही, नुसतं बोट. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शिंपायचा मान गंगूच्या आंबिलीचा! पहिला मान!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बिंदगं माझ्या बाच्या खांद्यावर दिलं. लिंबाचा डहाळा त्याच्या हातात दिला. बा वावराला फेरी घालायला लागला, डहाळा बुडवून आंबील शिंपायला लागला. तात्यांचा पुतण्या त्याच्या बाजूनं चालत होता आणि सारखं म्हणत होता, "संपीव, संपीव, तळाला ठिवू नको." बानं बिंदगं पालथं करून संपवलं. माय डोक्यावरचा पदर सावरत हात जोडून उभी होती. हसत होती. मी रडायला लागले. मायला वाटलं, लेक आनंदानं रडायली. तिनं मला जवळ ओढलं.

मी कशानं रडत होते ते सांगते. घटकाभर आधी मला मीठ आणायला कोपीच्या मागं पाठवलं होतं. तिथं तात्यांची बायको, आम्ही तिला काकू म्हणायचो, दुसऱ्या एका बाईला सांगत होती, "गंगूचं बिंदगं ओळखून ठिवा, पांढरे पट्टे हायेत त्याच्यावर. ते शिंपायला काढा. थेंब ठिवू नका." तेवढ्यात तात्या आले. त्यांनी ऐकलं. म्हणाले, "मी मान म्हणून सांगतो. खूश होईल बिचारी."

मी कडब्याच्या आड होते. मीठ हातात होतं. परत येऊन मीठ जिथं द्यायचं तिथं दिलं.

आम्ही मांगवाड्यातले. आमच्या गावाचं नाव घेत नाही, घ्यायची गरज नाही. जुनं गाव आहे. किल्ला आहे, काळ्या दगडाचं देऊळ आहे, राजेरजवाड्यांच्या वेळचं तळं आहे. तळ्याखाली तुरीची, ज्वारीची, उडदाची काळीभोर रानं. गावात तीन भाषा, घरात मराठी, बाजारात कानडी, मशिदीपाशी दखनी. लांबून माणसं यायची, देवळाच्या जोत्यावरचे दगडी हत्ती बघायची, फोटो काढायची. मी पण ते हत्ती पाहिलेत. रस्त्यावरून जेवढे दिसतात तेवढे. आमची घरं तळ्याच्या बांधाखाली, जिथं बारमाही पाझर असतो तिथं. भिंतीला कायम ओल. आजी म्हणायची, या तळ्याचे दगड आपल्याच लोकांनी वाहिले. कुणी वाहिले ते कुठं लिहिलेलं नाही, पण पाझर मात्र आमच्याच घरात यायचा.

आणि येळवस. गावातले लोक छाती फुगवून सांगायचे की येळवशीला आवतण लागत नाही, वाटसरूलासुद्धा धरून आणून जेवू घालतात. ते खोटं नव्हतं. सडकेवरून जाणाऱ्या माणसाला खरंच हाका मारायचे, या हो पाव्हणं, आंबील पिऊन जा. त्याची जात विचारायचे नाहीत. आमची विचारावी लागतच नव्हती. आम्ही बांधाच्या पलीकडं भांडी घेऊन बसायचो. सगळ्यांची जेवणं झाली की वरून वाढायचे. शेंगादाण्यांची मिसळ भज्जी, खीर, ज्वारीचे उंडे, आंबील, सगळं एका भांड्यात. खिरीत भज्जी कालवलेली. ते घरी नेऊन आम्ही दोन दिवस खायचो आणि मला ते आवडायचं. आता सांगताना लाज वाटते, पण आवडायचं.

बा सुरतेला आला तो तात्यांच्या मागं. तात्या गावच्या पाटील घराण्यातले, पण धाकटी पाती. सुरतेत येऊन एका लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, मास्तर झाले होते. कोणत्या कारीगराला कोणती मशीन द्यायची ते त्यांच्या हातात. गावचा कुणीही आला की तात्या त्याला मशीनवर उभा करायचे. माझ्या बालाही केला. नवागामात खोली मिळवून दिली, तीही त्यांच्याच ओळखीनं. बा पहिल्या दिवशी "मालक" म्हणाला तर तात्यांनी सगळ्यांसमोर त्याला थांबवलं. "इथं मालक नाही म्हणायचं. तात्या म्हणायचं. ही सुरत हाय, गाव न्हाई."

मायनं ते वाक्य धरून ठेवलं. बिचारीनं खरं मानलं.

आणि का मानू नये? गल्लीत एकच नळ होता. सगळ्यांचे हंडे एका रांगेत लागायचे आणि कुणाचा हंडा कुणाला लागला म्हणून भांडण झालं नाही, नंबरावरून झालं. खात्यात मशीनचा आवाज एवढा की बोलणं ऐकू येत नाही, सगळं हातवाऱ्यानं. शेठला आम्ही सगळे सारखेच, सगळ्यांना "एय मराठी" म्हणायचा. पाटील असो का मांग, एकच हाक. तात्यांना त्याचा राग यायचा. मायला बरं वाटायचं.

माय घरी साड्यांचे धागे कापायची. मी शाळेतून आले की तिच्याबरोबर बसायचे. गल्लीतल्या सगळ्यांची गावाकडची पत्रं मी लिहायचे, कारण माझं अक्षर चांगलं. काकूच्या माहेरची पत्रंही मीच लिहायचे. काकू मला शेजारी बसवून रडत रडत मजकूर सांगायची. तिच्या मनातलं मला जेवढं माहीत होतं तेवढं तात्यांना माहीत नसेल.

तर मंडळानं येळवस ठरवली आणि प्रत्येक घरानं काहीतरी करून आणायचं असं ठरलं. काकू दारात येऊन मायला म्हणाली, "तू काय आणशील गं गंगू?"

माय म्हणाली, "आंबील."

काकू नुसतं "बरं" म्हणून गेली. मायची चूक झाली ती इथं. तिनं शेंगा आणते म्हणायला पाहिजे होतं, लिंबं आणते म्हणायला पाहिजे होतं. पण तिला जन्मात एकदा आंबील करून सगळ्यांना पाजायची होती. गावाकडं ती कधी कोपीच्या आत गेली नव्हती. लांबून बघायची, कुणाची आंबील जास्त आटली, कुणाची पातळ झाली, कोण लसूण जास्त घालतं. तिला सगळं माहीत होतं. चाळीस वर्षं बघून शिकली होती.

चार दिवस आधीपासून तिची गडबड. कुंभाराकडून नवं बिंदगं आणलं. आपटून, वाजवून, दहा वेळा बघून आणलं. त्यावर चुन्याचे पट्टे ओढले. ज्वारी धुऊन, वाळवून, चक्कीवाल्याला आधी दुसरं कुणाचं काही दळू नको म्हणून भांडून दळून आणली. पीठ आंबवलं. ताकासाठी म्हशीचं दूध विरजलं. आंबवण नीट झालं का म्हणून भांड्याला कान लावून ऐकायची. मी हसले तर म्हणाली, "हसायलीस काय, बोलतंय ते." काय नेसायचं ते सगळं ठरलं, कुठलं लुगडं, कुठली चोळी. बा म्हणाला, एवढं काय करायलीस? ती म्हणाली, "पहिल्यांदा माझ्या हातची लोक पिणारेत."

हे सगळं मी पाहिलं होतं. म्हणून मी कोपीच्या मागं ऐकलेलं तिला सांगितलं नाही. काय तोंडानं सांगणार होते?

त्या दिवशी जेवणं झाली. मोठी भज्जी शिजली होती. सुरती पापडी, ओली तूर, हरभरा, वटाणा सगळं घातलेलं. पटेलाची माणसं बघायला आली तर हसली, "आ तो उंधियुं ज छे ने!" हे तर आपलं उंधियूच, असं म्हणत. तात्यांनी त्यांना मांडी घालून बसवलं, ताटात वाढलं, दुसऱ्या बिंदग्यातली आंबील पाजली. आमच्या मांगांच्या तीन घरांना काकू म्हणाली, "तुम्ही दमलात, बसा की जरा सावलीला, मागून बसू आपण." आम्ही मागून बसलो. आम्हाला वाढलं, पोटभर वाढलं, खीर वेगळी, भज्जी वेगळी. गावापेक्षा एवढी सुधारणा होती. मी जेवले. दोनदा मागून घेतलं. आतून जळत होते आणि भज्जी मागून खात होते. हे पण लिहायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल मी लहानपणापासून मोठी शूर होते.

पुढचे आठ दिवस मायनं गल्लीत सांगितलं नाही असं माणूस उरलं नाही. "पहिला मान आपला." खानदेशातल्या शेजारणीला सांगितलं, विदर्भातलीला सांगितलं. बाला वाटलं असेल काही, कारण बिंदगं पालथं त्यानंच केलं होतं. मी एकदा त्याला विचारलं, बा, आपली सगळी का शिंपली? दुसऱ्यांची का नाही? बा बिडी पेटवत होता. म्हणाला, "मशीन चालू हाय ना? मग गप बस."

दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. तेच बोट, त्याच टाळ्या. मग सुरतेत प्लेग आला. लोक मिळेल त्या गाडीनं पळाले. तात्यांच्या घरचे गावाला गेले, जाताना किल्ली मायकडं दिली, घर सांभाळ म्हणून. आम्हाला जायला जागा नव्हती, तळ्याखालचं घर पडलं होतं. मायनं महिनाभर काकूचं घर झाडलं, देवापुढं दिवा लावला. हो, काकूच्या देवापुढं. परत आल्यावर काकूनं अख्खं घर धुऊन काढलं. प्लेगची भीती म्हणून, असं म्हणाली. त्या थंडीत तिसरी येळवस झाली. मायच्या आंबिलीला पुन्हा पहिला मान मिळाला.

मी तीन वर्षं गप्प होते. रोज मायकडं बघायचे आणि गप्प बसायचे. मला तिचा राग यायला लागला होता. एवढी कशी भोळी ही बाई? आणि त्या रागाचीच मला मग शरम वाटायची.

मी अठरा वर्षांची झाले त्या वर्षी मंडळानं गावच्या वारशावर पुस्तक काढायचं ठरवलं. गावाकडचे एक निवृत्त गुरुजी मजकूर घेऊन आले. त्यांचं अक्षर प्रेसवाल्याला लागत नव्हतं. तात्या म्हणाले, गंगूच्या पोरीला बोलवा. मी तात्यांच्या बैठकीत खाली बसून लिहायला लागले. गुरुजी खुर्चीत बसून वाचून दाखवायचे, मी लिहायचे. चार रविवार असे गेले. खरं सांगते, मला अभिमान वाटला. किल्ल्याची हकीकत, देवळावरचा शिलालेख, तळ्यात पाणी कसं वळवलं, कोणत्या चराला किती पाणी जायचं. किती शहाण्या माणसांचं गाव आपलं! देवळाच्या आत काय आहे ते मला त्या कागदावर कळलं. मी ते आवडीनं लिहिलं, शिरोरेघ वाकडी होऊ दिली नाही.

चौथ्या रविवारी येळवशीचं पान आलं. माय त्या दिवशी माझ्याबरोबर आली होती, आत काकूची तूर पाखडत होती. गुरुजी सावकाश वाचत होते:

"गावात शेकडो वर्षांपासून परंपरा आहे की येळवशीला मातंग समाजाच्या घरची आंबील शेताला प्रथम शिंपली जाते. यावरून गावातील जुन्या सामाजिक समतेचे दर्शन घडते."

माझा पेन थांबला.

शेकडो वर्षं! अहो, तीन वर्षं झाली होती. डिंडोलीच्या वावरात, कडब्याच्या आड, एका बाईनं सुचवलेलं आणि एका माणसानं गोड करून सांगितलेलं. आणि ते आता माझ्याच हातानं, माझ्याच चांगल्या अक्षरात लिहायचं होतं.

"लिही की," गुरुजी म्हणाले.

मी म्हणाले, "गुरुजी, ही परंपरा नाही. हे मी लिहिणार नाही."

तात्या झोपाळ्यावर होते. त्यांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. "काय झालं गं?"

मी पेन खाली ठेवला. आणि सांगितलं. "तात्या, मी कोपीच्या मागं होते. थेंब ठिवू नका म्हणाल्या काकू. खूश होईल बिचारी म्हणालात तुम्ही. आमच्या हातची कुणाला प्यायची नव्हती म्हणून ती मातीत ओतली. तीन वर्षं ओतली. गावाकडं तर आम्ही बांधाच्या पलीकडं बसायचो. ते लिहा. ते शेकडो वर्षांचं आहे."

गुरुजींनी चष्मा काढला. आतलं सुपाचं पाखडणं बंद झालं. माय दारात येऊन उभी राहिली, हातात सूप. तिच्या मागं काकू. माय काकूकडं वळली. नुसती बघत राहिली. वाट बघत होती की काकू म्हणेल, आगं, खोटं बोलायली तुझी पोरगी. एकदा म्हणाली असती तरी मायनं मला तिथंच झोडपलं असतं आणि काकूवर विश्वास ठेवला असता. काकूनं पदर सारखा केला आणि खाली बघितलं.

मायनं सूप खाली ठेवलं. पायात चप्पल न घालता ती घरी गेली.

तात्या मला एवढंच म्हणाले, "पोरी, बापाचा विचार करून बोलावं माणसानं." शांतपणे म्हणाले. रागावले पण नाहीत. मी लिहिलेले कागद तिथंच ठेवले, ते पान कोरं ठेवून उठले.

सोमवारी बा खात्यात गेला तर त्याच्या मशीनवर दुसरा माणूस उभा. मशीनच्या आवाजात कोण काय बोलणार? तात्यांनी लांबूनच हात हलवून त्याला जा म्हणून दाखवलं. बा दोन दिवस फाटकाशी जाऊन उभा राहिला. तिसऱ्या दिवशी गेला नाही. खोलीही गेली. आम्ही सुरतेबाहेर पलसाण्याला गेलो. तिथं कापड रंगवायच्या कारखान्यात बाला काम मिळालं, वाफेत, रंगात. त्याच्या नखांतला निळा रंग पुढं कधी निघाला नाही. तो मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

माय बोलली. महिन्याभरानं, धागे कापता कापता. "तुला काय मिळालं गं? तीन वर्षं मी सुखात होते."

मी तिच्याकडून काहीतरी काढून घेतलं, हे खरं आहे. खोटं होतं, पण तिचं होतं. तिनं परत आंबील केली नाही. आम्ही म्हटलं तरी केली नाही. ज्वारी विकत आणली की भाकरी करायची, बस.

पुस्तक छापलं गेलं. जुन्या गल्लीतल्या एकीनं आणून दाखवलं. येळवशीचं पान होतं तसंच आहे. शेकडो वर्षांपासून, जुनी समता, सगळं. फक्त लिहिणारा हात दुसरा. मी लिहिलेल्या बाकीच्या पानांबद्दल मागं छापलंय, "सुवाच्य लेखन : एक विद्यार्थिनी."

इथपर्यंत मी कसंबसं गिळलं. पण या महिन्यात गावाहून माझ्या चुलत भावजयीचं पत्र आलं. पुस्तक गावात पोचलंय. पंचायतीत वाचून दाखवलं. मोठ्या लोकांना ते फार आवडलं. म्हणून या येळवशीपासून गावातही ती "जुनी प्रथा" पुन्हा चालू करायची ठरलीय. बाहेरून पाव्हणे येणार, फोटो निघणार. वहिनीला निरोप आलाय, मांगवाड्यातून यंदा तुझी आंबील, पहिला मान तुझा. वहिनीनं पत्रात लिहिलंय, "वन्सं, मला तर रडूच आलं. नवं बिंदगं आणलंय."

मी ते पत्र मायला वाचून दाखवलं. माय भिंतीकडं तोंड करून झोपली.

मी गावाला निघालेय. बा नको म्हणायलाय, गावात आपल्या बाजूनं कोण आहे म्हणतो. कुणी नाही, मला माहीत आहे. मला मारतील, वहिनीच्या घराला त्रास होईल, वहिनी मला शिव्या घालेल. मायनं विचारलं तसंच विचारेल, तुला काय मिळालं? तरी जाणार. वहिनीला आधी सगळं सांगणार, तिचं सुख मोडणार. मग तिच्याबरोबर बिंदगं धरून त्या कोपीपुढं उभी राहणार आणि पाव्हण्यांसमोर एकच विचारणार, आधी कोण पिणार? पाटील पिणार का, गुरुजी पिणार का, पुस्तक छापणारे पिणार का? जो पिईल त्याला वाटी भरून देईन. कुणी पिणार नसेल तर शेताला एक थेंब मिळणार नाही. ते बिंदगं आम्ही उचलून मांगवाड्यात नेऊ आणि आमच्या लेकरांना पाजू.